प्रकरण चौदावे : आत्याची दानशूर पंचाहत्तरी

शुक्रवारी दुपारी छायाच्या घरात बाहेरचं जेवण आलं, ही गोष्ट खरं तर वर्तमानपत्रात छापून यायला हवी होती. लग्न होऊन ती दुबईत आल्यापासून बर दुबईतल्या त्या तिसऱ्या मजल्यावरून शुक्रवारी माशाच्या आमटीचा वास सुटला नाही, असं कधी झालं नव्हतं. आखाती युद्धात शेजारीपाजारी खिडक्यांना चिकटपट्ट्या लावत होते, तेव्हाही ती तिरफळं ठेचत होती. तो वास खाडी ओलांडून देऱ्याला पोचायचा आणि तिथले एकटे राहणारे मालवणी पोरगे चपला न घालता पलीकडे येणाऱ्या होडीत, अब्रात, उड्या टाकायचे, असं तिचा नवरा चंद्रहास पाहुण्यांना सांगायचा. पाहुण्यांच्या तोंडात घास असल्यामुळे कोणी वाद घालत नसे.

आज मात्र टेबलावर कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या बिर्याणीचे फॉइलचे डबे होते. झाकणंही उघडलेली नव्हती. शेजारी कागदी प्लेटा.

चंद्रहासचा धाकटा भाऊ रणजित आत आला, त्याने एक प्लेट उचलून उजेडात धरली.

"वहिनी, घरात कोण आजारी आहे?"

"तुमची आत्या," छाया म्हणाली. "पाच महिने झाले. कामाच्या गडबडीत लक्षात आलं नसेल तुमच्या."

रणजितने प्लेट खाली ठेवली.

कुमुदआत्या आतल्या खोलीत होती. म्हणजे तनयाच्या खोलीत. तनया, चंद्रहासची एकुलती एक, वीस वर्षांची, पाच महिने हॉलमधल्या सोफ्यावर झोपत होती आणि परीक्षेचा अभ्यास बाथरूममध्ये करत होती. गेल्या डिसेंबरात सगळं जग घाबरलं होतं की नवं साल लागताच कॉम्प्युटर बंद पडणार. कॉम्प्युटर चालू राहिले, आत्या बंद पडली. इंग्लंडहून दरवर्षीसारखी हिवाळा टाळायला म्हणून आली होती. जानेवारीतल्या एका सकाळी चहाचा कप हातातून सुटला आणि उजवं अंग गेलं ते गेलंच. जीभही गेली, पण अर्धीच. दिवसाकाठी चार-पाच शब्द यायचे, तेही तिच्या मर्जीने.

तीस वर्षं इंग्लंडातल्या इस्पितळात परक्या म्हाताऱ्यांना कुशीवर वळवणारी ही बाई. आता तिला छाया वळवत होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीसुद्धा उठून. छायाची स्वतःची कंबर आता अशी झाली होती की ती वाकली की मागच्या बिल्डिंगमधला वॉचमन वर बघायचा, एवढा कट्कन आवाज व्हायचा.

आणि याला शेवट होता. ठरलेला होता. आत्या ब्रिटिश नागरिक. तिच्याजवळ स्वतःचं काही उरलेलं नाही, त्यामुळे तिथल्या तिच्या गावची कौन्सिल, म्हणजे आपल्याकडची नगरपालिका, तिला नर्सिंग होममध्ये, म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात ठेवणार, सगळा खर्च सरकारचा. तिच्या जुन्या घराजवळच्याच एका होममध्ये खोलीही मिळाली होती, बागेकडे खिडकी असलेली. आत्याला ते सांगितलं तेव्हा तिने डाव्या हाताने छायाचा गाल थोपटला होता. डॉक्टरांनी विमानप्रवासाला हो म्हटलं होतं. छायाने आत्याच्या बॅगेत लोकरीचे मोजे भरले होते.

बुधवारी इंग्लंडहून फोन आला आणि तिने ते मोजे बाहेर काढले.

"गिरिजा आली की सुरू करू," चंद्रहास म्हणाला. तो नेहमीच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून बसला होता. दुकानात मसाल्याचं पोतं कमी भरलं की तो असाच बसायचा.

गिरिजा, मधली बहीण, अल ऐनहून गाडी चालवत आली ती चेहऱ्यावर दीड तासांचा वैताग घेऊनच. तिथल्या शाळेत ती गणित शिकवायची. घरातून निघताना नवऱ्याने तिला एकच वाक्य सांगितलं होतं: कशालाही हो म्हणू नकोस. ते वाक्य ती रस्ताभर घोकत आली होती. आत येऊन तिने आतल्या खोलीच्या दारातून डोकावून "आत्या, कशी आहेस गं?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सोफ्यावर बसली. दार उघडंच राहिलं. पाच महिन्यांत आत्यासमोर किंवा आत्यामागे असा फरकच घरात राहिला नव्हता. सगळे तिच्यावरून बोलायचे, कपाटावरून बोलावं तसं.

"काय म्हणतात तुझे गोरे?" रणजितने दादाला विचारलं.

"माझे गोरे?"

"तूच बोलतोस ना त्यांच्याशी."

"तनया बोलली," चंद्रहास म्हणाला. "त्या बाईचे उच्चार मला कळत नाहीत. तनया, सांग काकांना."

तनयाने पाय सोफ्यावर घेतले. "बेसिकली, दे आर सेइंग नो."

"सगळ्यांना कळेल असं मराठीत सांग गं. आणि जपून बोल, आत्याआजी पण ऐकतेय," छाया म्हणाली. त्या घरात त्या दिवशी हे लक्षात असलेली ती एकटीच.

"ओके. त्या बाईंचं नाव मिसेस हार्ग्रीव्ह. त्या म्हणाल्या, जिच्याकडे पैसे नाहीत तिचा खर्च कौन्सिल करते. पण जिने मुद्दाम पैसे वाटून टाकले, कौन्सिलने सांभाळावं म्हणून, तिचे पैसे अजून तिच्याकडेच आहेत असं ते धरतात. आत्याआजी भाड्याच्या खोलीत गेली आणि घर विकून आलेले पैसे तिने तुम्हाला सगळ्यांना दिले. सो दे विल काउंट दॅट मनी. ते पैसे संपायला जेवढा काळ लागला असता तेवढा काळ होमची फी तिनेच भरायची. पहिले पैसे सोमवारपर्यंत पोचले नाहीत तर खोली दुसऱ्याला."

"म्हणजे नसलेले पैसे आहेत असं धरायचं?" रणजित म्हणाला.

"येस."

"माझ्या बँकेला सांग ना असं धरायला!"

"रणजित, मस्करी नको," गिरिजा म्हणाली. "अगं तनया, पण दोन वर्षं झाली त्याला. आत्या तेव्हा टुणटुणीत होती. आनंदाने दिले तिने."

"वर्षांचा प्रश्नच नाही म्हणाल्या. का दिले, हा प्रश्न आहे. आनंदाने दिले असतील तर काही प्रॉब्लेम नव्हता."

"मग?"

तनयाने बापाकडे पाहिलं. बाप पंख्याकडे बघत होता. एसी चालू असल्यामुळे पंखा बंद होता, तरी तो बघत होता.

"बाबा, जस्ट टेल देम अबाउट द कॅसेट."

"कसली कॅसेट?" गिरिजा म्हणाली.

"पंचाहत्तरीची," छायाने सांगितलं. "यांनी पाठवली. कौन्सिलला."

गिरिजाने कपाळावर हात मारून घेतला.

आता ती पंचाहत्तरी. बर दुबईतल्या त्या हॉलमध्ये तसा समारंभ ना आधी झाला ना नंतर. आत्याला ओवाळायला इतके दिवे लावले होते की हॉलच्या मॅनेजरने दोनदा आगीच्या बंबाला फोन लावून ठेवला. पंचाहत्तरीला म्हातारं माणूस खुर्चीत बसतं आणि बाकीचे आहेर करतात. आत्याने उलटंच केलं. पैठणी सावरत उठली, माइक हिसकावला आणि तिन्ही भाच्यांना एकेक पाकीट दिलं. प्रत्येकात वीस हजार पौंडांचा ड्राफ्ट. "एक लाख दहा हजार दिरहम!" कोणीतरी मागून ओरडलं. "म्हणजे तेरा लाख रुपये!" दुसरा ओरडला. टाळ्या थांबेनात. आणि त्या टाळ्यांत आत्या कॅमेऱ्याकडे वळली. कारण कार्यक्रमाची कॅसेट तिची इंग्लंडातली शेजारीण डोरोथी बघणार होती. डोळा मिचकावून म्हणाली, "डोरोथी, लुक! आय हॅव गिव्हन एव्हरीथिंग अवे! नाउ द कौन्सिल विल हॅव टू कीप मी!"

लोक पोट धरून हसले. आणि व्हिडिओवाल्याला हे वाक्य इतकं आवडलं की कॅसेट तयार करताना त्याने ते तीनदा घातलं. पहिल्यांदा साधं, दुसऱ्यांदा आत्याचा चेहरा बदामात बसवून, तिसऱ्यांदा दोन राजहंस आणि प्रतिध्वनीसकट. कीप मी... कीप मी... कीप मी.

"तू ती कॅसेट," रणजित एकेक शब्द उच्चारत म्हणाला, "कौन्सिलला पाठवलीस."

"त्यांनी विचारलं होतं, पैसे कुठे गेले," चंद्रहास म्हणाला. "मला वाटलं, त्यांना संशय असेल की आपण म्हातारीला लुबाडलं. म्हटलं, बघा. स्वखुशीने दिले. शे-दोनशे माणसांसमोर. लंडनला कोणी जात होतं, त्याच्या हाती दिली. मी काय चूक केली? आपण सगळ्यांनाच पाठवतो कॅसेट! नाशिकला पाठवली, बडोद्याला पाठवली!"

"नाशिकचे लोक फी लावत नाहीत, दादा!"

"त्यांनी बघितली तरी पूर्ण?" गिरिजाने केविलवाण्या आशेने विचारलं. "तीन तासांची आहे. त्यात तुझं भाषणच चाळीस मिनिटांचं."

"बघितली," तनया म्हणाली. "मिसेस हार्ग्रीव्ह सेड द स्वॉन्स वेअर लव्हली."

रणजित उठला. तो उठला की छोटी खोली आणखी छोटी व्हायची. त्याचा आवाजही तसाच. अल क्वोजमधल्या त्याच्या सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये करवत चालू असताना तो हाक मारायचा आणि करवत थांबायची, असं त्याचा फोरमन मुनीर सांगायचा. त्याने एकदा कुणा अरबाच्या घोड्यासाठी सागवानी पलंग बनवला होता. घोडा त्यावर झोपला नाही, पण बिल वेळेवर मिळालं. हल्ली माणसांची बिलंच मिळत नव्हती.

"तुझा शहाणपणा," तो दादाला म्हणाला. "लहानपणापासून तुझा शहाणपणा आणि आमची भरपाई!"

"भरपाई तुलाच का लागेल? तिघांना मिळाले ना?"

"तिघांना? तू तर स्टेजवर पाकीट परत केलंस. 'आत्या, मला तुझा आशीर्वाद पुरे.' ऐकलंय आम्ही. कॅसेटमध्ये आहे. त्यावर पण राजहंस आहेत!"

"तेच ते. दिले तिघांना. तुम्ही दोघांनी घेतले, तुम्ही दोघांनी विचार करायचा. होमचे आठवड्याला दोन हजार दिरहम होतात. चोवीस हजार रुपये. आठवड्याला! मी एकटा कुठून आणू?"

गिरिजाच्या हिशेबात हे बसेना. ती मोठ्या भावाच्या बाजूने बोलायचं ठरवून आली होती, कारण मोठ्या भावाच्या बाजूने बोललं की फारसं द्यावं लागत नाही, हा तिचा आजवरचा अनुभव. "माझे तर नीरवच्या कॉलेजात गेले," ती म्हणाली. "मेडिकलची सीट. कॉलेज परत देतं का डोनेशन? रणजितचं बरं आहे, त्याची मशीन उभी आहे डोळ्यासमोर. विकता येते."

"वा! तुझा मुलगा डॉक्टर होणार आणि माझी मशीन विकायची?"

"मी फक्त म्हटलं."

"तुला माहितीये ती मशीन म्हणजे काय आहे?"

तिला माहीत नव्हतं. घरात कोणालाच माहीत नव्हतं, निदान रणजितला तसं वाटायचं. आत्याचं पाकीट आलं त्या वर्षी रणजितकडे कारागिरांना द्यायला पगार नव्हता. रोज सकाळी तो वर्कशॉपच्या मागच्या दाराने आत शिरायचा, कारण पुढच्या दारात त्याचीच माणसं उभी असायची, काही न बोलता. ती माणसं ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पाकिटातून पगार गेले आणि उरलेल्यातून जर्मन करवत आली, एका झटक्यात अख्खा बोर्ड सरळ कापणारी. तिच्यामुळे मोठी कामं मिळाली. ती गेली की पुन्हा मागचं दार. हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. घोड्याची गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ होती.

"आम्ही कर्ज म्हणून घेतले होते आणि धंद्यात बुडाले, असं सांगू," तो म्हणाला. "बुडालेले पैसे कसे धरतील?"

"खोटं लिहून द्यायचं?" गिरिजा म्हणाली. "मी शाळेत शिकवते."

"म्हणून तर तुझी सही चालेल."

"मी सही करणार नाही," चंद्रहास म्हणाला. "मी घेतलेच नाहीत, तर कर्ज कसलं?"

छाया तोवर स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. न पेटवलेल्या गॅसपुढे दिवसभर उभं राहून माणूस जास्त तापतं.

"घेतलेत," ती म्हणाली.

"काय?"

"घेतलेत ना. स्टेजवर परत केलंत आणि स्टेजमागे घेतलंत. आत्या म्हणाल्या, तुला नको तर तनयाच्या नावाने ठेव. दुकानातलं कोल्ड स्टोरेज कशातून आलं? माझ्या आशीर्वादातून?"

तनयाने पाय खाली सोडले. "माझ्या नावाने? बाबा, व्हॉट मनी?"

"तुझेच आहेत ते," चंद्रहास म्हणाला. "इन्शाल्ला तुझ्या लग्नाला..."

"तुम्ही मला सांगितलंत कॅनडाला पाठवायला पैसे नाहीत!"

रणजित हसायला लागला. त्या हसण्यात आनंद नव्हता, पण पुष्कळ वर्षांची थकबाकी होती. "आशीर्वाद पुरे! गिरिजा, ऐकलंस? आशीर्वाद! डीप फ्रीझरमध्ये ठेवलाय आशीर्वाद!"

"दादा, हे मात्र फार झालं," गिरिजा म्हणाली, आणि सोफ्यावरून उठून रणजितच्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसली. चार पावलांचं अंतर, पण तिकडून इकडे यायला तिला तीस वर्षं लागली होती.

चंद्रहास लाल झाला. मोठा मुलगा म्हणून बाप वारल्यावर त्यानेच दोघांना इथे आणलं, व्हिसा काढले, गिरिजाचं लग्न लावलं. त्या सगळ्याचे त्याने कधी पैसे मागितले नव्हते. मोबदल्यात फक्त एवढंच हवं होतं की आपल्याला घरातला सरळ माणूस म्हणावं. आता ते दोघं शेजारी शेजारी बसून त्याच्याकडे बघत होते. त्याला बायकोचा इतका राग आला की त्याने पहिल्यांदाच तिला सगळ्यांसमोर एकेरीत झापलं नाही, अहो-जाहो केलं.

"तुम्ही यात बोलू नका. हा आमच्या घरचा प्रश्न आहे."

"बरोबर," छाया म्हणाली. "बेडपॅन तेवढं माझ्या घरचं."

आणि मग गिरिजाला ती कल्पना सुचली. चांगल्या मनाने सुचली, हे सांगायलाच हवं. घरातली बरीचशी नासधूस चांगल्या मनानेच होते.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, "आत्याला पाठवायचंच कशाला? परक्या देशात, परक्या लोकांत? वहिनी इतकं छान करतात. इस्पितळातसुद्धा असं करणार नाहीत. आपण तिघं मिळून वहिनींना महिन्याला काहीतरी देऊ. पाचशे पाचशे. आणि व्हिसाचं दादा बघेल."

"हे बरोबर आहे," रणजित म्हणाला, फार पटकन.

चंद्रहासने घसा साफ केला. "तसं बघितलं तर... छायाला पण आता सवय झालीये."

पाच मिनिटांपूर्वी एकमेकांचे गळे धरायला निघालेली ती तीन भावंडं एकदम इतकी एकमताची झाली की रणजितने बिर्याणीच्या डब्याचं झाकण उघडलं. गिरिजाने त्याला प्लेट दिली. "दादा, तुला रस्सा?" तिने विचारलं.

तनया उभी राहिली. "आर यू पीपल सीरियस? तुम्ही आईला विचारलंत?"

छायाने हातातलं फडकं ओट्यावर टाकलं. ती वळली आणि आतल्या खोलीत गेली. तिघांना वाटलं, रडायला गेली.

कुमुदआत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. दुपारपासून तिला सगळं ऐकू आलं होतं. कान डावे-उजवे दोन्ही शाबूत होते. तिच्या डोक्यात वाक्यं अखंड तयार होत होती, एकाहून एक जहाल, आणि तोंडाशी आली की गळून पडत होती. रणजितला सांगायचं होतं, गाढवा, मी तुझ्या पगारांसाठीच दिले होते, मुनीरने मला सांगितलं होतं सगळं. गिरिजाला सांगायचं होतं, पाचशे? चंद्रहासला तर पुष्कळच सांगायचं होतं.

पण पैसे परत मागायचे हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. आयुष्यभर ती देणारी होती. दरवर्षी विमानतळावर तिच्या बॅगांभोवती अख्खं घर गोळा व्हायचं. चॉकलेटं, स्वेटर, बिस्किटांचे पत्र्याचे डबे. तिला मूल नव्हतं, नवरा लवकर गेला. बॅग उघडण्याचा तो क्षण हेच तिचं घर होतं. दिलेलं परत मागणारी बाई म्हणून मरायचं? त्यापेक्षा हीच भिंत बरी.

दार धाडकन लागलं. मग छायाने येऊन तिला खांद्याला धरून वळवलं. रोजच्यासारखं हळू नाही.

"ऐकलंत ना?" छाया म्हणाली. "ऐकलंत. मला माहितीये तुम्हाला ऐकू येतं. आता माझंही ऐका. मला तुमचा राग आलाय. त्यांचा नाही. ते तसेच आहेत. तुमचा!"

आत्याचा डावा डोळा मोठा झाला.

"घर विकलंत तेव्हा म्हातारपणाचा विचार केलात? नर्स होतात ना तुम्ही? किती जणांना असं पडलेलं बघितलंत, आणि स्वतःचं छप्पर वाटून टाकलंत? कशासाठी? टाळ्यांसाठी! तिघांना वीस वीस हजार पौंड, आणि मला काय दिलंत आठवतंय? साडी. इंग्लंडहून आणलेली. बर दुबईच्या मीना बाजारात मिळते ती, त्यावर इथल्याच दुकानाची चिठ्ठी होती! मला पैसे नको होते, आत्या. पण तुम्ही दिलंत त्यांना, आणि फेडतेय मी. माझ्या कंबरेने. ते बाहेर बसलेत ना, त्यांनी आत्ता माझी किंमत लावली. पाचशे पाचशे. आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून गप्प. मागायला लाज वाटते तुम्हाला. तुमच्या लाजेचं ओझं मी का उचलू? अजून दहा वर्षं जगाल तुम्ही, मीच जगवीन, आणि रोज तुमचा राग करीन. तुम्हाला चालेल? मला नाही चालणार!"

ती थांबली. श्वास लागला होता. पाच महिन्यांत या खोलीत कोणी आवाज चढवला नव्हता. डॉक्टर, नर्स, भाचे, सगळे आत्याशी तान्ह्या मुलाशी बोलावं तसं बोलायचे. आत्याला वाटलं, जानेवारीपासून आज पहिल्यांदा कोणीतरी खोलीत आलंय.

तिचं तोंड हललं. डावीकडून, मग थांबलं, मग पुन्हा. छायाने पुसायला रुमाल पुढे केला तो तिने डाव्या हाताने बाजूला सारला.

"खुर्ची," आत्या म्हणाली.

हॉलमध्ये बिर्याणी वाटून झाली होती. चाकांच्या खुर्चीचा आवाज आला तसे तिघंही हातातल्या प्लेटा घेऊन उभे राहिले, शाळेत निरीक्षक आल्यासारखे. आत्याला त्यांनी महिन्याभरात पलंगाबाहेर बघितलं नव्हतं. खुर्ची छाया ढकलत होती. पदर खोचलेला, केस सुटलेले. तनया पळत जाऊन आईच्या शेजारी उभी राहिली.

"आत्या, तू कशाला उठलीस?" चंद्रहास म्हणाला. "आम्ही सगळं व्यवस्थित ठरवलंय."

आत्याने डावा हात पुढे केला. तळवा वर.

आधी कोणाला कळलंच नाही. गिरिजाने चटकन टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून त्या हातात दिला. आत्याने तो तसाच जमिनीवर सोडून दिला. काच लांबवर गेली. हात पुन्हा पुढे.

"परत," आत्या म्हणाली.

"काय परत?"

"माझे."

रणजितच्या तोंडातला घास तिथेच राहिला. या बाईने आयुष्यात कोणाकडे साधा रुमाल मागितला नव्हता.

"आत्या," तो कसाबसा म्हणाला, "मशीन विकावी लागेल गं."

"वीक."

"माझी माणसं आहेत तिच्यावर. वर्कशॉप..."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत कीव होती, पुष्कळ होती, आणि हात तसूभरही मागे गेला नव्हता.

"मी तीस वर्षं तुझी... आम्ही तुला आईसारखं..." गिरिजा रडायला लागली. "माझ्याकडे एकरकमी नाहीत आत्या, खरंच नाहीत. हप्त्याने चालेल?"

"चालेल."

गिरिजाला रडता रडता धक्का बसला. तिने 'नाही' हे उत्तर ऐकायची तयारी ठेवली होती. अल ऐनपासून घोकलेलं वाक्य दीड तासाच्या रस्त्यावर कुठेतरी सांडलं होतं.

"आत्या, जरा विचार कर," चंद्रहास म्हणाला. त्याने प्लेट खाली ठेवून दुकानातला, गिऱ्हाइकाला समजावण्याचा आवाज काढला. "उद्या लोक विचारतील. अख्ख्या दुबईसमोर दिलंस. आता परत घेतलंस म्हणून लोक काय म्हणतील?"

आत्याचा चेहरा वाकडा झाला. शब्द शोधताना व्हायचा तसा. सगळे पुढे झुकले.

"म्हणू... दे."

रणजितने प्लेट टेबलावर आदळली. "ठीक आहे! घ्या! सगळं घ्या! घोड्याचे पैसे पण घ्या!" तो तडक बाहेर गेला, दार आपटलं, आणि त्या दणक्याने खालच्या मजल्यावरच्या पटेलांच्या घरचा देव्हारा पूर्वेचा पश्चिमेला फिरला असं पटेल पुढे कित्येक वर्षं सांगत. मग जिन्यातून त्याचा आवाज आला. मोबाइलवर बोलत होता, पण मोबाइल नसता तरी अल क्वोजला ऐकू गेलं असतं.

"मुनीरभाई! वो जर्मन मशीन का ग्राहक देखो... हां, वही... नहीं भाई, मज़ाक नहीं... अरे बाबा, आज ही देखो! सोमवार से पहले पैसा भेजना है. खलास!" मग हळू, इतकं हळू की रणजितचा तसा आवाज घरात कोणाला माहीतच नव्हता: "लड़कों को मैं बोलूंगा. तुम मत बोलना."

छायाने खाली वाकून काचा गोळा केल्या. कंबर कट्कन वाजली. आज कोणाला हसू आलं नाही. तनयाने फोन उचलला. "मी मिसेस हार्ग्रीव्हच्या ऑफिसला मेसेज ठेवते," ती म्हणाली. "म्हणजे खोली जाणार नाही. आय विल टेल देम शी इज पेइंग." मग थांबली, आत्याकडे वळली. "आत्याआजी, सांगू ना? तू पैसे भरून येतेस म्हणून?"

आत्याने मान हलवली. त्या मानेला अजून चांगला ताठा होता.

गिरिजा नाक पुसत होती. चंद्रहास खुर्चीत जाऊन बसला होता, हात मांडीवर, नजर बंद पंख्याकडे. समोर आत्याचा हात अजून तसाच लांब केलेला होता. छाया काचा टाकून आली. तिला वाटलं, आत्या थकल्या असतील. तिने तो हात धरून मांडीवर ठेवायला बघितलं.

हात खाली येईना. चंद्रहासने अजून 'देतो' म्हटलं नव्हतं.